तीनशे शब्दांची चूक

आमच्या अध्यापक विद्यालयात शिक्षक व्हायला आलेल्या माणसाची पारख तीस वर्षं वजनावर होत असे. वर्षअखेरीला प्रत्येकजण आपली पाठांची फाइल आणून देई. निरीक्षक ती उजव्या हातात घेत, जरा खालीवर करत आणि श्रेणी देत. जाड पुठ्ठा, पानापानाला स्केचपेनची चौकट आणि मधूनमधून चिकटवलेली चित्रं एवढं केलं की कोणाचीही फाइल जड होई. ती उघडण्याची वेळ सहसा येत नसे. एकदा एका परीक्षकांनी चुकून उघडली, तर आत टेलिफोनची जुनी डिरेक्टरी निघाली. पण चौकटी सुबक होत्या, म्हणून श्रेणी कायम राहिली.

हे सगळं यंदा बंद पडलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्राचार्या, कुठल्याशा परिषदेला गेल्या आणि येताना इ-पोर्टफोलिओ घेऊन आल्या. आता प्रत्येक प्रशिक्षणार्थीचं संगणकावर एक खातं. पाठाचं टाचण त्यात चढवायचं, फोटो चढवायचा, चित्रफीत चढवायची, आणि शेवटी आत्मचिंतनाचा रकाना भरायचा : ‘या पाठात माझं काय चुकलं?’ किमान तीनशे शब्द. प्रत्येकाच्या नावापुढे एक लाल वर्तुळ. चूक लिहिली की ते पिवळं होणार, पुढच्या पाठात सुधारणा दिसली की हिरवं. वर्तुळ हिरवं झाल्याशिवाय प्रमाणपत्र छापून बाहेर येणारच नाही, कारण छापणारंही तेच यंत्र.

हे समजावून द्यायला कंपनीचा एक हसरा माणूस आला होता. शिक्षकानं स्वतःच्या चुकांकडे बघायला शिकलं पाहिजे, असं तो म्हणाला. यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. मग शेवटच्या रांगेतून प्रश्न आला, “आणि चूक झालीच नसेल तर?”

तो माणूस मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

प्रश्न मावशींचा होता, आणि मावशी विनोद करत नव्हत्या. त्यांचं वय चव्वेचाळीस. बाकीची बहुतेक पोरं बाविशीतली, म्हणून त्या मावशी. पाण्याच्या टाकीमागच्या शाळेत त्या सोळा वर्षं चौथीचा वर्ग शिकवत होत्या, तेही प्रमाणपत्राशिवाय. इतकी वर्षं ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण त्या शिकवायच्या चांगलं. आता नवा नियम निघाला होता. त्यांच्या शाळेच्या हेडसरांनी स्वच्छ सांगितलं होतं, “बाई, एक तारखेला प्रमाणपत्र हातात पाहिजे. नाहीतर चौथी दुसऱ्यांना द्यावी लागेल. तुम्हाला आम्ही सोडणार नाही हो, दाखले लिहायला बसवू.” मावशींना दाखल्यांच्या खोलीची कल्पना होती. तिला खिडकी नव्हती, आणि मुलंही नव्हती.

तेव्हा घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच. मावशींना एक चूक हवी होती.

बाकीच्यांचं चुकांचं काम सुरळीत चाललं होतं, आणि त्याचं श्रेय एजंटला. हा एजंट म्हणजे अकरा वर्षं विमा विकून कंटाळलेला आणि आता शिक्षक व्हायला निघालेला गृहस्थ. कुठल्याही अर्जातला एक रकाना मोकळा दिसला तरी त्याला जेवण जात नसे. त्यानं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसाठी चुकांची यादी तयार केली. फळ्यावरचं अक्षर उतरतं गेलं. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही. वेळेचं नियोजन कोलमडलं. यातली शेवटची चूक सगळ्यांत सोयीची, कारण तिच्यात कोणाचंच नाव खराब होत नाही. अठ्ठावन्न जणांपैकी एक्कावन्न जणांनी तीच उचलली. यंत्रानं त्याचा अहवाल करून मोठ्या बाईंकडे धाडला. मोठ्या बाईंनी तो गंभीरपणे घेतला आणि वेळेच्या नियोजनावर खास व्याख्यान ठेवलं. ते पाऊण तास लांबलं.

“मावशी, तुम्हीपण वेळ घ्या ना,” एजंट म्हणाला. “माझ्याकडे तयार आहे. तीनशे सात शब्द. सात वरचे.”

“अरे, पण माझा पाठ घंटेबरोबर संपला.”

“म्हणून काय झालं?”

“म्हणून वेळ चुकली नाही.”

“मावशी,” एजंटनं आवाज खाली आणला, “ते कोणी वाचत नाही. मशीन शब्द मोजतं.”

“मुलांचे निबंधही कोणी वाचत नाही असं त्यांना वाटतं. मी वाचते.”

एजंटनं हात टेकले. असलं गिऱ्हाईक त्याला विम्यातही भेटलं नव्हतं.

अडचण फक्त मावशींची नव्हती. त्यांच्या पाठांचे निरीक्षक होते ठीकसर. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं होतं. तीस वर्षांत त्यांनी निरीक्षण वहीत प्रत्येक पाठाखाली ‘ठीक’ एवढा एकच शेरा लिहिला होता आणि त्या शेऱ्यावर पंधराशे शिक्षक बाहेर पडले होते. नव्या पद्धतीत निरीक्षकाच्या अभिप्रायालाही किमान पन्नास शब्द लागत. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांनी रजा काढली. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पन्नास वेळा ‘ठीक’ लिहिलं, बोटांवर मोजून. यंत्रानं मुकाट्यानं घेतलं. महिनाभर असं छान चाललं. मग कंपनीच्या कोणीतरी ते पाहिलं आणि एकच शब्द पुन्हापुन्हा चालणार नाही अशी सोय केली. तेव्हापासून सरही एजंटकडूनच तयार अभिप्राय घेत.

मावशींनी घरी विषय काढला. नवरा बसच्या आगारात वेळापत्रक लावायचा, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका ऐकून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

“वीस वर्षांतल्या माझ्या चुका तुला तारीखवार पाठ आहेत,” तो म्हणाला, “आणि स्वतःची एक सापडत नाही?”

“शिकवण्यातली हवी आहे.”

“मग शिकवण्यातली घे. मला गाडी शिकवलीस तेव्हा...”

“ती चूक तुमची होती. भिंतीची नव्हती आणि माझीही नव्हती.”

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या चष्मा पुसत बाहेर आल्या, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, “कागद घे. किती शब्द म्हणालीस? तीनशे? मी सांगते.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. धुतलेल्या चादरीचे कोपरे न जुळवता घडी घालणं इथून निघून त्या नणंदेच्या लग्नातल्या एका वाक्यापर्यंत आल्या. मावशी कौतुकानं ऐकत राहिल्या. त्यात शिकवण्याचं काहीच नव्हतं, पण टाचण नसताना म्हातारी कुठे अडखळली नाही.

“आई, तुम्ही आमच्याकडे प्रवेश का घेत नाही? पहिल्या आठवड्यात हिरव्या व्हाल.”

“मला कशाला शिकवतेस? माझी एक चूक कोणालाही विचार, बघू कोण सांगतंय,” सासूबाई म्हणाल्या.

शेवटी तोडगा एजंटनंच काढला. “तुम्हाला खोटं लिहायचं नाही ना? मग खरी चूक करा. ठरवून करा. धडधडीत. मुलं ओरडतील, तुम्ही सुधाराल, झालं. सगळं खरं.”

मावशींनी एक दिवस विचार केला. खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं. पोर्टल शनिवारी पाच वाजता बंद होणार होतं. शेवटचे दोन पाठ सोमवारी आणि गुरुवारी, त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गावर होते.

सोमवारी त्यांनी खडूच्या रिकाम्या खोक्यांचा मनोरा करून त्यावर चित्रफितीसाठी मोबाइल टेकवला. ठीकसर मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाक नऊ वर्षांच्या मुलांच्या मापाचा होता. मावशींनी उदाहरण घातलं. सात खोकी, प्रत्येक खोक्यात आठ खडू, तर एकूण खडू किती? मग त्या फळ्याकडे वळल्या. सात गुणिले आठ लिहिलं, बरोबरीचं चिन्ह काढलं आणि हात थांबला. सोळा वर्षांत त्या हाताला असली सवय नव्हती. खडू मोडला. दुसरा घेतला. त्यांनी चोपन्न लिहिलं आणि पाठीमागून ओरडा येईल म्हणून डोळे मिटून उभ्या राहिल्या.

ओरडा आला नाही. पेन्सिली चालण्याचा आवाज आला.

त्या वळल्या. चौतीस डोकी वहीवर वाकली होती. दुसऱ्या रांगेतली वेणीवाली मुलगी खोडरबरानं काहीतरी घासत होती.

“झालं लिहून?” मावशींनी विचारलं.

“हो बाई!”

“बरोबर आहे का?”

“हो बाई!” चौतीस आवाज, एक सूर. याच सुराचं हेडसर नेहमी कौतुक करत.

मावशी वेणीवालीपाशी गेल्या. “तू काय खोडलंस गं?”

“काही नाही बाई.”

“आधी काय लिहिलं होतंस?”

“छप्पन्न.”

“मग खोडलंस का?”

“तुम्ही चोपन्न लिहिलंत ना.”

“सात आठे किती?”

“छप्पन्न, बाई.” क्षणाचाही विलंब नाही.

“आणि फळ्यावर किती आहे?”

“चोपन्न, बाई.” इथेही विलंब नाही.

“मग यातलं बरोबर कुठलं?”

मुलीनं फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. प्रश्न अवघड नव्हता, फक्त इतका सोपा प्रश्न बाई का विचारतायत हे तिला कळेना.

“तुमचं, बाई,” ती म्हणाली.

मावशी फळ्यापाशी परत गेल्या, चोपन्न पुसून छप्पन्न लिहिलं. वर्गानं शांतपणे खोडरबरं काढली आणि चोपन्न पुसून छप्पन्न केलं. एकानंही वर पाहिलं नाही. बाईंनी अठ्ठ्याहत्तर लिहिलं असतं तर त्यांनी तेही केलं असतं, तितक्याच सुवाच्य अक्षरात.

घंटा झाल्यावर ठीकसर बाकातून सुटून उभे राहिले. मावशींनी त्यांची निरीक्षण वही पाहिली. त्यांनी फळ्यावरचं उदाहरण सवयीनं उतरवून घेतलं होतं, चोपन्नसकट. खाली लिहिलं होतं : ठीक.

त्या दुपारी संगणकाच्या खोलीत मावशी रकाना भरायला बसल्या. एजंट मदतीला शेजारी बसला होता, त्याला वाटलं आता शंभर शब्दांनंतर घोडं अडेल. मावशी लिहीतच राहिल्या. चोपन्नबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली. ती चूक नव्हती, तो प्रयोग होता. चूक पुढे होती. सोळा वर्षं माझा वर्ग शांत असतो याचा मला अभिमान होता. त्या शांततेत काय काय खोडलं जात होतं ते मला आज कळलं. वेणीवाली वर्गातली सर्वांत हुशार मुलगी आहे, आणि तिला मी शिकवलेली सर्वांत पक्की गोष्ट ही आहे की तिच्यापेक्षा मी बरोबर. असं बरंच. अकराशे शब्द झाल्यावर त्यांनी बटण दाबलं.

यंत्र म्हणालं, कृपया पाचशे शब्दांत लिहा.

“आता जास्त झालं!” एजंटनं कपाळाला हात लावला. “मावशी, तुम्हाला मधलं काही जमतं का हो?”

सहाशे शब्द कापून झाल्यावर वर्तुळ पिवळं झालं. एजंटनं टाळ्या वाजवल्या. आता फक्त गुरुवारच्या पाठात सुधारणा.

गुरुवारी मावशींनी वर्गात शिरल्याशिरल्या सांगितलं, “आज मी तीन ठिकाणी मुद्दाम चुकणार आहे. पकडायचं.”

बाईंना बरं नाही की काय, अशा नजरेनं मुलं एकमेकांकडे बघू लागली. बाईंनी फळ्यावर परवाची तारीख घातली. कोणी बोलेना. बाईंनी चौरसाला पाच बाजू काढायला घेतल्या. तिसऱ्या बाकावर एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. शेवटी वेणीवाली उठली, लाल झाली, आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “बाई, चौरसाला चार असतात.”

“शाब्बास.”

बस्स. धरण फुटलं. तारीख पकडली गेली. वर्गात त्रेचाळीस मुलं असल्याचं बाईंनी म्हणताच तिघं एकदम ओरडले. तीन झाल्या. पण हात खाली येईनात.

“बाई, अजून एक,” मधल्या रांगेतला एक जाडा मुलगा म्हणाला. “तुम्ही उत्तर विचारता आणि आम्ही आठवेपर्यंत स्वतःच सांगून टाकता.”

“ही मी ठरवलेली नव्हती,” मावशी म्हणाल्या.

“पण आहे ना?”

“आहे. बस.”

“आणि मागच्या बाकाला तुम्ही काही विचारतच नाही,” मागच्या बाकावरून आवाज आला. तो आवाज मावशींनी आजवर हजेरीशिवाय ऐकला नव्हता.

“आणि सर पाठ बघत नाहीत,” त्याच बाकावरच्या दुसऱ्यानं ठीकसरांकडे बोट दाखवलं. “खिडकीतून कुत्र्याकडे बघतात. सोमवारीपण बघत होते.”

ही चूक बाईंच्या नावावर धरायची का, यावर वर्गात कडाक्याचा वाद झाला. शेवटी ती सरांच्या नावावर राहिली. ठीकसरांनी बाकाची बाजू बदलली.

मावशींनी ते सगळं प्रामाणिकपणे खात्यात चढवलं. चुका पाच : तीन ठरवलेल्या, दोन न ठरवलेल्या. यंत्रानं क्षणभर विचार केला. सोमवारी चूक एक, गुरुवारी चुका पाच. प्रगती : उणे चार. वर्तुळ लाल झालं.

शनिवारी दुपारी तीनला संगणकाच्या खोलीत सत्तावन्न नावं हिरवीगार होती. मावशींचं नाव त्यांच्यात टोमॅटोसारखं दिसत होतं. मोठ्या बाई दोनदा येऊन ते बघून गेल्या. “एक लाल असलं की सगळा तक्ता विद्रूप दिसतो हो,” त्या म्हणाल्या, आणि सोमवारी तो तक्ता त्यांना परिषदेला पाठवायचा होता.

“चार उडवा, मावशी,” एजंट काकुळतीला आला. “एकच ठेवा. एकाला एक, निदान उणे तरी नाही. किंवा शून्य लिहा, लगेच हिरवं.”

मावशींनी पाचही चुकांकडे पाहिलं. दाखल्यांच्या खोलीचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही, चांगला आला.

“मागच्या बाकावरचा तो पहिल्यांदा बोलला रे,” त्या म्हणाल्या. “ते कसं उडवू?”

एकच वाट उरली होती. निरीक्षकानं कारणं देऊन पाठ समाधानकारक ठरवला, तर यंत्र आपली बेरीज बाजूला ठेवत असे. मावशी ठीकसरांकडे गेल्या नाहीत, एजंट गेला. त्यानं तयार अभिप्राय कागदावर उतरवून नेला होता, बावन्न शब्द, सगळे वेगवेगळे.

ठीकसरांनी तो दोनदा वाचला.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण यात मी कुत्र्याकडे बघत होतो ते आलेलं नाही.”

“सर, ते कशाला?”

“त्याशिवाय हे खरं कसं वाटेल? ऊठ. मला बसू दे.”

ते दोन बोटांनी टाइप करत बसले. साडेतीन वाजले, चार वाजले. एजंट दाराबाहेर येरझारा घालत होता. मध्येच आतून विचारणा झाली, “चोपन्नमधलं जोडाक्षर कसं काढायचं रे?” पाचला सात मिनिटं असताना ते बाहेर आले. दोनशे बारा शब्द झाले होते. सोमवारी बाईंनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, ते मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली पसंती दिली, इथून त्यांनी सुरुवात केली होती. गुरुवारी चौथीतल्या मुलांना जे दिसलं ते मला दिसत नव्हतं, सबब ज्या पाठात हे घडलं तो पाठ माझ्या नोकरीतला पहिला मी बघितलेला पाठ आहे. समाधानकारक.

वर्तुळ हिरवं झालं. मोठ्या बाईंनी अभिप्राय वाचला नाही, रंग पाहिला आणि समाधानानं घरी गेल्या.

एक तारखेला हेडसर स्वतः प्रमाणपत्र घेऊन चौथीच्या वर्गात आले. पाचच मिनिटं थांबणार होते. मुलांनी उभं राहून नमस्ते म्हटलं. हेडसरांनी जाहीर केलं की चौथीचा वर्ग बाईंकडेच राहील. बाकं बडवली गेली. मग त्यांनी घसा साफ करून कागद वाचायला घेतला. छापील मजकूर सगळ्यांचा सारखाच होता.

“...यांनी सर्व पाठ निर्दोष रीतीने पूर्ण केले आहेत.”

चार हात वर झाले.

हेडसरांना या वर्गात हात वर झालेले पाहायची सवय नव्हती. “काय रे? पाणी प्यायला जायचंय?”

“सर, निर्दोष म्हणजे एकही चूक नाही ना?”

“अर्थात.”

“मग ते चुकलंय. बाईंच्या सहा होत्या.”

“पाच,” वेणीवाली म्हणाली. “सहावी त्या दुसऱ्या सरांची.”

हेडसरांनी मावशींकडे पाहिलं. आता त्या टेबलावर पट्टी आपटतील आणि वर्ग पुन्हा एका सुरात येईल, याची त्यांनी वाट पाहिली. मावशी खुर्चीत बसून होत्या.

“बाई, अहो, हे छापील आहे!”

“हो ना सर,” मावशी म्हणाल्या. “छापलेलंही चुकतं, तेच त्यांचं म्हणणं आहे.”

हेडसरांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि वर्गाला समजावून सांगायला सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात, शाळेच्या वेळापत्रकासमोर उभे होते, आणि चौतीस मुलं त्यांना दाखवत होती की गेली चार वर्षं बुधवारी तिसऱ्या तासाला चौथीचा वर्ग एकाच वेळी दोन खोल्यांत बसलेला आहे.